गोठणीची माती

मोठी पापं करायची माझी ऐपत नाही. मी केलं ते सहा पिशव्या मातीपुरतं, तेही मे महिन्यातल्या एका दुपारी, उन्हाला कंटाळून. पण त्या सहा पिशव्यांपायी एका बाईचं तीन वर्षांचं काम खोटं ठरलं, आणि ते खोटं नाही हे तिच्याखेरीज ठाऊक असलेला गावातला एकटा माणूस मी होतो. लाज वाटते म्हणून सांगतोय. वाटत नसती तर कशाला सांगितलं असतं?

पेणच्या पुढं गडबजवळ हायवे सोडून डोंगराकडे आत गेलं की आमचं गाव. खाली भाताची खाचरं, त्यांच्या डोक्यावर गावाचं गुरचरण. नावाला गुरचरण. दसऱ्यापर्यंत गुरं ते पार बुडख्यापर्यंत ओरबाडायची आणि मग उन्हाळाभर तिथं दगड आणि घाणेरीची झुडपं एवढंच उरायचं. पावसाळ्यात वरची माती वाहून आमच्या खाचरांत यायची. लोक त्यावर खूश असायचे, फुकट गाळ येतोय म्हणून. वर काय उरलं ते बघायला कुणी जात नसे.

मी तेव्हा डोलवीला कंपनीत कंत्राटावर सुपरवायझर होतो. शिफ्टला वैतागून काम सोडलं, महिनाभर घरी बसलो आणि बायकोशी रोज भांडलो. तेवढ्यात एक संस्था गावात आली. गुरं शिस्तीनं चारायची, त्यातून माती सुधारायची आणि हवेतला कार्बन मातीत साठवायचा, असं त्यांचं काम. त्यांना गावातला एक शिकलेला माणूस हवा होता. मी बी.एस्सी. अर्धवट सोडलेला. आमच्याकडे तेवढं पुरतं. मला टोपी मिळाली, गळ्यात अडकवायला ओळखपत्र मिळालं, आणि मी गावात जरा सावकाश चालायला लागलो.

पेणला एका हॉलमध्ये दोन दिवस प्रशिक्षण झालं. शिकवणारे सर माझ्याहून वयानं लहान, पण माणूस सालस. ते म्हणाले, हवेतला कार्बन गवताची पानं ओढून घेतात आणि मुळं तो मातीत उतरवतात. गुरांनी वरचं पुन्हा पुन्हा कुरतडलं की खालची मुळंही आखडतात आणि माती उपाशी राहते. तेच, एका तुकड्यावर थोडे दिवस गुरं चारली आणि मग त्या तुकड्याला पुरती विश्रांती दिली, तर मुळं खोल जातात, शेण जागच्या जागी मुरतं, माती काळी होत जाते. हे तीन वर्षं करायचं. आधी माती तपासायची, शेवटी पुन्हा तपासायची. मधला फरक हाच पुरावा. फरक दिसला तर संस्था पुढंही गावात राहणार. नाही दिसला तर गाशा गुंडाळणार.

नमुने कसे घ्यायचे तेही शिकवलं. नागमोडी चालत जायचं, ठरल्या जागी खड्डा घ्यायचा. झाडाखालची माती घ्यायची नाही, उकिरड्याजवळची नाही, आणि गुरं बसतात तिथली तर मुळीच नाही. मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ती वही अजून घरात आहे.

गावची गुरं काकी राखायची. माझी सख्खी काकी नव्हे, अख्खा गाव तिला काकीच म्हणायचा. तिचा नवरा गुराखी होता. तो गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं त्याची काठी उचलली आणि गुरं सोडायला निघाली. पहिले काही दिवस लोक हसले, मग सवय झाली. घरटी भात ठरलेलं होतं, त्यावर तिचं चालायचं. बोलायला फटकळ. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून म्हणाली, "आमच्या बैलाच्या गल्यात पन घुंगरू हाय, पन त्यो काम करतंय."

तर तो मे महिना. पहार, घमेलं आणि सहा पिशव्या घेऊन मी एकटाच गुरचरणावर चढलो. पहिल्या जागी पहार मारली तर ती टणकन उडाली आणि हाताला झिणझिण्या आल्या. मुरूम नुसता. दुसऱ्या जागी तेच. तासभर खटपट करून घमेल्यात जे पडलं ते बघून मला शरम वाटली. तांबडा भुगा आणि खडे. ही आपल्या गावची माती म्हणून पेणला पाठवायची? तिथं बाकीच्या गावांच्या पिशव्या येणार, शेजारी शेजारी ठेवणार. परीक्षेत पोरगं नापास व्हावं तसं मला वाटलं. जितकी वाईट माती आज निघेल तितकी पुढची सुधारणा ठळक दिसेल, हे साधं गणित दोन दिवस शिकून आलो होतो, पण ते डोक्यात बसलं नव्हतं. डोक्यात बसला होता तो मान.

खाली सपाटीवर जांभळीची दोन झाडं होती. तिथं आमची गोठण. दुपारी ऊन चढलं की गुराखी गुरांना सावलीला बसवतो ती जागा. आज्या-पणज्यापासून गुरं तिथंच बसत आली, त्यामुळं तिथली माती काळीभोर, मऊ, पायाला गार लागणारी. काकी गुरं बसवून तिथं भाकरी खात होती. मी घामानं निथळत तिच्याशेजारी बसलो. तिनं तांदळाची अर्धी भाकरी आणि सुकटीची चटणी माझ्या हातावर ठेवली.

"काय रं, खनतंस कशाला? आंबं लावाचं हाय काय?"

"माती तपासायला न्यायचीय, काकी. मोठ्या लॅबमधी."

तिनं माझ्या घमेल्यात बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "ही नेतंस? पावन्याला कुनी करपल्याली भाकर वाडतं काय? हितली ने. हितली बेस हाय."

आणि तिनं स्वतःच काठीच्या टोकानं जागा दाखवली. मी पहार मारली, ती लोण्यात जावी तशी गेली. गांडुळं वळवळत बाहेर आली. अर्ध्या तासात सहाही पिशव्या भरल्या. त्या वर्षी सगळं कागदावरच होतं, फोनवर जागेची खूण नोंदवायची सोय पुढं आली. कागदावर मी सहा निरनिराळ्या जागा लिहिल्या, डोंगराच्या सहा बाजूंच्या, आणि खाली सही केली. काकीचं ऐकून केलं असं मला पुढं कित्येकदा म्हणावंसं वाटलं. पण काकीला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. ते मला दिलं होतं.

मग काकीचं काम सुरू झालं. कुंपण घालायला पैसा नव्हता, तेव्हा सगळी भिस्त तिच्या काठीवर आणि आवाजावर. गुरचरणाचे आम्ही तुकडे पाडले. सरांनी त्यांना आकडे दिले होते, काकीनं ते बाजूला ठेवले. तिच्या हिशेबी खडकाचा वाटा, ओहोळाचा वाटा, वारुळाचा वाटा, असे ते होते. विश्रांतीला सोडलेल्या वाट्याच्या तोंडाशी ती झाडाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. गवत किती वाढल्यावर गुरं घालायची यासाठी सरांनी पट्टी दिली होती. काकीनं ती घरी नेऊन चुलीत घातली असावी. तिचं माप ठरलेलं. "पोटरीला लागलं की घालाची, घोट्याला आलं की काडाची." मी माझ्याजवळच्या दुसऱ्या पट्टीनं मोजून बघितलं, तर सरांच्या आकड्यांशी ते बरोबर जुळत होतं.

हे सांगायला सोपं आहे. पावसात, डोक्यावर प्लास्टिकचं खोळपं घेऊन, भुकेलं जनावर कोवळ्या गवताकडे धावत असताना त्याला वळवून आणणं सोपं नव्हतं. लोक तिच्याशी भांडायचे. माझ्या चुलत भावाच्या सहा म्हशी होत्या. त्या चिंधी बांधलेल्या वाट्यात शिरल्या की काकी त्यांना हाकलून थेट त्याच्या दारात आणून सोडायची आणि चारचौघांत त्याला सुनवायची. तो क्रिकेट मंडळाचा अध्यक्ष होता. गुरचरणाच्या त्या खालच्या, गोठणीच्या सपाटीवर सामन्यांच्या मैदानासाठी त्याचा डोळा होताच. म्हशींचं निमित्त झालं.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर मला फरक दिसायला लागला. ओहोळ पूर्वी दिवाळीला आटायचा, तो संक्रांतीपर्यंत वाहिला. खडकाच्या वाट्यात गवतानं मूळ धरलं. पाऊस पडला की पाणी पूर्वी तांबडं होऊन धावायचं, ते आता जिरायला लागलं. काकी मला हात धरून ओढत न्यायची, गवताचा ठोंब उपटायची आणि मुळं दाखवायची. "बघ, केवडी झाली. गेल्या साली बोटभर नव्हती." मी मान डोलवायचो. तिच्या आनंदात मनापासून सामील व्हावं असं मला वाटायचं, पण त्या सहा पिशव्या आठवल्या की मी काहीतरी काम काढून खाली उतरायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काय असतं ते मला तेव्हा कळलं.

तिसरं वर्ष पुरं झालं तेव्हा, मे महिन्यात, नमुने घ्यायला बाहेरची माणसं आली. फोनवर जागा बघून, काटेकोर, प्रत्येक वाट्यातून. गोठणीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या दिवशी मी ताप आल्याचं सांगून घरी झोपून राहिलो.

महिन्याभरानं सरांचा फोन आला. आवाज उतरलेला होता. "आकडे समजत नाहीत. कार्बन वाढायच्या ऐवजी खाली आलाय, बराच. पहिल्या वर्षीचे नमुने तुम्ही ठरल्या जागीच घेतले होते ना?"

किती सरळ प्रश्न होता. नाही, एवढं म्हणायचं होतं.

"हो सर," मी म्हणालो. "कागदावर आहे की सगळं."

त्या रविवारी सकाळी शाळेच्या ओट्यावर बैठक झाली. सरांनी जमेल तितकं सौम्य करून सांगितलं. कधी कधी असं होतं, कारणं बरीच असू शकतात, पण या निकालावर काम पुढं नेता येणार नाही. माझा चुलत भाऊ उठलाच. "आता बोला! तीन वर्सं आमच्या म्हशी अडवल्या, शिव्या दिल्या, आन् माती होती ती पन घालवली. म्हंजे गुरं नीट फिरवलीच नाय ना?"

काकी बायकांमध्ये मागं बसली होती. ती उठली. काठी सोबत नव्हती म्हणून की काय, हात कुठं ठेवावा ते तिला कळत नव्हतं.

"माती कमी झाली म्हंजे काय?" ती सरांना म्हणाली. "मी रोज पायाखाली बघतंय. मना कशी नाय दिसली कमी झाल्याली?" मग तिनं मला शोधलं. "तू सांग रं. तू तर बघितलंस. गवताची मुलं बघितलीस तू."

सगळे माझ्याकडे वळले. मी पुस्तकी मराठीत बोललो, गावात कधी बोलत नाही तसा. त्यामागं लपता येतं.

"रिपोर्ट मशीनचा आहे, काकी. मशीन खोटं बोलत नाही."

ती खाली बसली. मशीन खोटं बोललं नव्हतंच. एवढं एकच खरं वाक्य मी त्या दिवशी बोललो आणि तेच सगळ्यांत मोठं खोटं झालं. बैठक संपेपर्यंत मी मूग गिळून बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी स्वतःची समजूत घातली. संस्था निघून गेली. काकीला कुणी काढून टाकलं नाही, आपल्याकडे तसं कुणी तोंडावर बोलत नाही. लोकांनी फक्त गुरं तिच्याकडे सोडायची बंद केली. आज या घरची गाय नाही आली, उद्या त्या घरचे बैल नाही आले. ज्या दिवशी दोनच गुरं उरली त्या दिवशी ती त्यांना पाणी पाजून धन्याच्या गोठ्यात बांधून आली आणि रोह्याला लेकीकडे राहायला गेली.

गुरं मोकाट झाली. चिंध्या पहिल्या पावसाळ्यातच कुजल्या. दिवाळीनंतर क्रिकेट मंडळानं मैदानासाठी जेसीबी आणून सपाटी आणखी सपाट केली. गोठण त्यातच गेली, जांभळी तेवढ्या ठेवल्या, बघणाऱ्यांना सावली हवी म्हणून. खरवडून काढलेल्या काळ्या मातीचा ढीग रस्त्याकडेला पडला होता. बायका घमेली भरभरून कुंड्यांसाठी नेऊ लागल्या. माझ्या बायकोनंही दोन घमेली आणली आणि दारात कढीपत्ता लावला. तो असा काही फोफावला की शेजारपाजारच्यांच्या आमट्या आमच्या कढीपत्त्यावर व्हायला लागल्या. खाई त्याला खवखवे. माझ्या ताटात ते पान आलं की मी बाजूला काढून ठेवायचो. बायको विचारायची, आता हे काय नवीन? मी तिच्यावर डाफरायचो.

वर्ष झालं तेव्हा मला राहवेना. रोह्याला जायचं ठरवलं. बायकोला खरं कारण सांगितलं नाही, काकीला भेटून येतो एवढंच म्हणालो. ती म्हणाली, रिकाम्या हातानं जाऊ नका, आणि कढीपत्त्याच्या बुडाशी आलेलं एक रोप तिनं मातीसकट पिशवीत घालून दिलं. नको म्हणायला मला कारण सुचलं नाही. नागोठण्याला गाडी बदलून रोह्याला पोचेपर्यंत ती पिशवी मांडीवर होती.

काकी लेकीच्या ओट्यावर बिरड्याचे वाल सोलत बसली होती. बारीक झाली होती. मला बघून खरंच हसली. "ये रं. बस. च्या टाक गो," असं आत लेकीला ओरडली. माझं कसं चाललंय, बायको बरी आहे का, गावात पाऊस कसा आहे, सगळं विचारलं. मग पिशवीत हात घातला. रोपाकडे तिनं बघितलंच नाही. मुळाशी बोटं खुपसली, चिमूटभर माती चोळली आणि नाकाशी नेली.

"ही कुठली?" ती म्हणाली. "ही माझ्या गोठनीची."

मग मी सांगितलं. आधी मैदानाचं, मग पिशव्यांचं. पहिल्या वर्षीची माती गोठणीची होती, शेवटची डोंगरावरची. दोन्ही शेजारी ठेवल्यावर डोंगर हरणारच होता. तू हरली नव्हतीस. मी एका दमात बोललो आणि वाल सोलणाऱ्या तिच्या हातांकडे बघत राहिलो.

ते हात थांबले. मला वाटलं, आता शिव्या देईल. शिव्या खायलाच मी आलो होतो, खाऊन हलका होऊन पाचच्या गाडीनं परत जायचं असा माझा बेत होता.

"मीच बोल्ले ना तुना, हितली ने म्हनून?" ती हळूच म्हणाली. "काठीनं जागा मीच दाखवली. म्हंजे माझीच चूक झाली रं."

खोटं बोलायची आणखी एक संधी आयती चालून आली होती. क्षणभर मी गप्प राहिलो, हेही लिहून टाकतो. क्षणभर मला बरं वाटलं.

"नाय काकी," मी म्हणालो. "तुला ठाव नव्हतं. मना ठाव होतं. मी वहीत लिवलं होतं."

तिनं पुन्हा वाल घेतले. दोन-तीन सोलले. मग एकदम विचारलं, "आन् वरची माती? खडकाची? ती सुदारली व्हती ना?"

"सुदारली व्हती. तूच ठोंब उपटून दाखवलास ना मना."

"मंग बराबर," ती म्हणाली. चेहऱ्यावर राग नव्हता. बराच वेळ हरवलेली वस्तू घरातच सापडावी तशी ती दिसत होती. लेक चहा घेऊन आली, आम्ही चहा प्यालो. निघताना मी पायाला हात लावायला वाकलो, तर तिनं पाय मागं घेतले.

"मना सांगून काय रं?" ती म्हणाली. "मी गुरं नीट फिरवली ह्ये मना ठावच व्हतं. ज्यांना ठाव नाय त्यांना सांग. वट्यावर उबा राहून सांग, जसा त्या दिवशी बोललास तसा."

व्हय काकी, म्हणालो मी.

हे मी लिहिलं आहे खरं. पण बारकाईनं बघा, यात गावाचं नाव नाही, काकीचं नाही, माझंही नाही. मी रोह्याहून आल्यानंतर शाळेच्या त्याच ओट्यावर दोन ग्रामसभा झाल्या. दोन्हींना मी वेळेवर गेलो, हजेरीवर सही केली, चहा घेतला आणि घरी आलो.